गोव्याच्या नद्यांतून मालवाहतूक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मांडवी-जुवारीतून माल हलवण्याचा विचार करणारे कारखानदार, बार्जमालक (बार्ज म्हणजे सपाट तळाची मालवाहू नौका), नदीकाठच्या पंचायती आणि खाजन शेतीतले, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या नदीकाठच्या जमिनीतले, शेतकरी या सगळ्यांकडून येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. गोव्यात या विषयाची चर्चा बहुतेक वेळा "नदीत गाळ किती?" इथून सुरू होते. आमच्या मते ती धक्क्यापासून सुरू व्हायला हवी. नदी जेवढे वाचवून देते तेवढे धक्क्यावर चढ-उतारीत जाते, आणि हिशेब तिथेच फसतो. उत्तरे वाचताना हे ध्यानात ठेवावे.

गोव्यातले राष्ट्रीय जलमार्ग कोणते?

राष्ट्रीय जलमार्ग कायदा २०१६ ने देशात एकूण १११ जलमार्ग जाहीर केले. त्यांतले सहा गोव्यात आहेत: शापोरा (क्रमांक २५), कुंभारजुवे (२७), मांडवी (६८), म्हापसा (७१), साळ (८८) आणि जुवारी (१११). मालवाहतुकीच्या दृष्टीने खरे महत्त्व तिघांचे. मांडवी उसगावच्या पुलापासून रेइश मागुशजवळ समुद्रापर्यंत ४१ किलोमीटर, जुवारी सावर्ड्याच्या पुलापासून मुरगाव बंदरापर्यंत ५० किलोमीटर, आणि दोघींना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा १७ किलोमीटर. शापोरा आणि साळ यांची मुखे वाळूने अरुंद झालेली असतात. तिथे मच्छीमारी आणि पर्यटनाच्या होड्या चालतात, मोठ्या मालाचे गणित बसत नाही.

"राष्ट्रीय जलमार्ग" म्हणजे नदी केंद्राने ताब्यात घेतली का?

हा प्रश्न गोव्यात फार तळमळीने विचारला गेला आहे, म्हणून नेमके सांगतो. राज्यघटनेच्या केंद्र सूचीतली २४ वी नोंद संसदेने जाहीर केलेल्या जलमार्गांवरच्या यांत्रिक जहाजांच्या वाहतुकीपुरती आहे. पाणी आणि मासेमारी हे विषय राज्य सूचीतच आहेत. काठावरची जमीन, कोमुनिदादची (गावाची सामायिक जमीन सांभाळणारी जुनी संस्था) मालकी, खाजनांचे बांध यांचे हक्क या घोषणेने बदलत नाहीत.

पण "काहीच बदलत नाही" असे म्हणणेही बरोबर नाही. जलमार्ग वाहतुकीयोग्य ठेवण्यासाठी नौवहनाची वाट आखणे, गाळ काढणे, बोये (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा) टाकणे, त्या वाटेत येणाऱ्या बांधकामांवर नियंत्रण ठेवणे ही कामे भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाकडे येतात. जाळ्यांचे खांब वाटेत असतील तर प्रश्न तिथेच उभा राहतो. म्हणून वाट नकाशावर कुठून जाते हे ग्रामसभेने कागदावर मागून घ्यावे. "नदी गेली" किंवा "नदी सुरक्षित आहे" या दोन्ही घोषणांपेक्षा तो नकाशा जास्त उपयोगी पडतो.

खनिज इतकी वर्षे बार्जमधून गेले. मग इतर माल का जात नाही?

खनिजाची वाहतूक नदीला अगदी जुळून आली होती. खाणी उसगाव, डिचोली, सावर्डे या पट्ट्यात, म्हणजे नदीपासून थोड्याच अंतरावर. माल सुटा, भिजला तरी खराब न होणारा, एकाच दिशेने जाणारा, आणि शेवटी थेट मुरगाव बंदरात किंवा नांगरलेल्या जहाजात उतरणारा. २०१०-११ मध्ये गोव्यातून ५ कोटी टनांहून अधिक खनिज निर्यात झाले, ते याच साखळीवर. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर पुन्हा थांबल्या, आणि दोन्ही वेळा बार्ज धक्क्याला लागून गंजत राहिल्या.

सिमेंट, धान्य, खत, पोलाद या मालाचे तसे नाही. त्याला कोरडी जागा लागते, गोदाम लागते, नदीपासून कारखान्यापर्यंत पुन्हा ट्रक लागतो. खनिजासाठी बांधलेल्या बहुतेक धक्क्यांवर यातले काहीच नाही. तिथे आहे तो मोकळा उतार, जिथून टिपर माल ओततो.

जलवाहतूक स्वस्त म्हणतात, ते गोव्यात खरे आहे का?

अर्धे खरे. सरकारी कागदपत्रांत नेहमी येणारे तुलनेचे दर असे: रस्त्याने टनामागे किलोमीटरला २.५० रुपये, रेल्वेने १.३६, जलमार्गाने १.०६. दर जुने आहेत, पण त्यांचे एकमेकांशी प्रमाण हिशेबाला पुरते. इंधनाचे प्रमाणही असेच दिले जाते: एका लिटरमध्ये ट्रक २४ टन-किलोमीटर, रेल्वे ८५, बार्ज १०५.

आता हे गोव्याच्या अंतरावर बसवा. उसगाव-मुरगाव जलमार्गाने साधारण ४५ किलोमीटर धरू. रस्त्याचा खर्च टनाला ११२.५० रुपये, पाण्याचा ४७.७०. वाचले सुमारे ६५ रुपये. या ६५ रुपयांत काय काय बसवायचे? कारखान्यापासून धक्क्यापर्यंतचा ट्रक, बार्जमध्ये भरणे, पलीकडे उपसणे, तिथून गोदामापर्यंतचा दुसरा ट्रक, आणि माल सांडण्या-भिजण्याची घट. दोन्ही टोके पाण्यावर असली तर नफा उरतो. एक टोक पाण्यापासून दूर असले तर हिशेब जेमतेम जुळतो. दोन्ही दूर असली तर ट्रकच स्वस्त.

गंगेवर हजार-दीड हजार किलोमीटरच्या वाहतुकीत चढ-उताराचा खर्च विरून जातो. आपल्याकडे अंतरच ४०-५० किलोमीटरचे, त्यामुळे तो डोळ्यांत खुपतो. उत्तर भारतातल्या जलमार्गांचे आकडे जसेच्या तसे गोव्याला लावू नयेत.

मग कोणता माल विचारात घ्यावा?

सर्वांत आधी ज्याची दोन्ही टोके पाण्यावर आहेत तो. लिलावानंतर पुन्हा सुरू होत असलेल्या खाणींचे खनिज आणि मांडवीकाठच्या आमोणेतल्या कच्च्या लोखंडाच्या कारखान्यासारख्या उद्योगांचा माल यात येतो. दुसऱ्या क्रमांकावर रस्त्याला झेपत नाही असा अवजड माल: पुलाचे गर्डर, मोठी टाकी, ट्रान्सफॉर्मर. इथे टनामागचा खर्च दुय्यम असतो, रस्त्यावरची वळणे आणि वीजतारा टळतात हेच मोठे.

तिसरा गट घाटापलीकडचा. बेळगावहून अनमोड घाटाने येणारा महामार्ग तिस्क-उसगावला नदीजवळ येतो. सावर्ड्यात रेल्वे आणि जुवारी जवळजवळ आहेत. मुरगावला जाणारा निर्यातीचा पोत्यांतला माल या दोन ठिकाणी नदीवर उतरवता येईल, पण त्यासाठी छपराचा धक्का आणि गोदाम आधी हवे. भाजी, दूध, मासळी यांसाठी बार्जचा विचार करू नये. बार्जला लागणारा वेळ त्यांना परवडत नाही.

बार्ज केवढी असते आणि तिला पाणी किती लागते?

गोव्यातल्या बार्ज साधारण ७५० ते २५०० टनांच्या. मधल्या आकाराची एक उदाहरणादाखल घेऊ: लांबी ६५ मीटर, रुंदी १२ मीटर, भरल्यावर ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखाली बुडणारा भाग, २.८ मीटर, माल १५०० टन. १० टनांचे १५० ट्रक एका खेपेत.

याच बार्जचा एक आकडा पाठ करण्यासारखा आहे. ती १ सेंटिमीटर बुडायला साधारण ७ टन माल लागतो. म्हणजे वाटेत १० सेंटिमीटर पाणी कमी असेल तर ७० टन माल मागे ठेवावा लागतो. गाळ काढायचा की थोडा कमी माल न्यायचा, याचा निर्णय या एका आकड्यावर होतो, आणि अनेकदा कमी माल नेणेच शहाणपणाचे ठरते.

भरतीचा हिशेब कसा मांडायचा?

मांडवीत भरतीचा परिणाम गांज्यापर्यंत, जुवारीत सांग्यापर्यंत पोचतो. उधाणाला (अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास) मुखाशी भरती-ओहोटीतला फरक सुमारे सव्वादोन मीटर असतो, भांगाला (अष्टमीच्या सुमारास) बराच कमी. दिवसातल्या दोन भरत्याही सारख्या उंचीच्या नसतात.

हिशेब वाटेतल्या सर्वांत उथळ जागेचा करायचा. समजा तिथे नकाशावरची खोली, म्हणजे अगदी तळाच्या ओहोटीलाही उरणारे पाणी, २.२ मीटर आहे. लागणारे पाणी असे:

ड्राफ्ट २.८ मीटर. त्यात बार्ज चालताना तिचा तळ खाली ओढला जातो ते धरावे. अरुंद पात्रात ताशी ७ किलोमीटरला (४ नॉट) सुमारे ०.३ मीटर. तळाखाली सुटलेले पाणी ०.५ मीटर. बेरीज ३.६ मीटर. त्यातून २.२ वजा केले की १.४ मीटर भरती हवी. मग मुरगावच्या भरतीच्या तक्त्यात त्या दिवशी पाणी १.४ मीटरच्या वर किती वेळ आहे ते पाहायचे. तेवढीच तुमची खिडकी.

तळ खाली ओढला जाण्याकडे नवखे तांडेल (बार्ज चालवणारे) दुर्लक्ष करतात. तो वेगाच्या वर्गाने वाढतो. ४ नॉटचे ६ नॉट केले की अरुंद जागी ०.३ चे जवळजवळ ०.७ मीटर होतात. उशीर झाला म्हणून वेग वाढवणारी बार्ज उथळ जागी नेमकी त्याच कारणाने टेकते.

भरलेली बार्ज खाली आणताना जास्त अडचण का येते?

भरतीची लाट मुखाकडून वर सरकत येते. पात्राची सरासरी खोली ५ मीटर धरली तर तिचा वेग ताशी सुमारे २५ किलोमीटर निघतो. म्हणजे मुरगावला पूर्ण भरती झाल्यावर ४० किलोमीटर वर ती दीड तासाहून थोड्या उशिराने येते.

वर जाणारी बार्ज या लाटेसोबत जाते, त्यामुळे तिला भरलेले पाणी जास्त वेळ मिळते. खाली येणारी बार्ज लाटेच्या विरुद्ध येते. ती जसजशी मुखाकडे सरकते तसतशी तिथली ओहोटी आधीच सुरू झालेली असते, आणि पाणी दुप्पट घाईने उतरल्यासारखे वाटते. म्हणून उसगावहून भरून निघताना तिथली पूर्ण भरती होईपर्यंत थांबू नये. दीड-दोन तास आधी, पाणी अजून चढत असतानाच सुटावे. प्रवाह थोडा विरुद्ध लागतो, डिझेल थोडे जास्त जाते, पण उथळ जागा पाणी असताना पार होते.

उसगावला बार्ज बरोबर भरली तरी मुरगावला बुडण्याची रेषा वेगळी का दिसते?

गोडे पाणी खाऱ्यापेक्षा सुमारे अडीच टक्के हलके. २.८ मीटर ड्राफ्टची बार्ज गोड्या पाण्यात सुमारे ७ सेंटिमीटर जास्त बुडते. वरून खाली येताना ती वर उचलली जाते, त्यामुळे मुरगावला "माल कमी आला" असा वाद होतो. माल तेवढाच असतो. उलट दिशेने मुरगावहून भरून वर जाताना, विशेषतः पावसाळ्यात, ती जास्त बुडते आणि उथळ जागी अडकते. ड्राफ्ट मोजून वजन ठरवत असाल तर बादलीत पाणी घेऊन हायड्रोमीटरने घनता दोन्ही टोकांना मोजा. फरक ४५ ते ५० टनांचा पडू शकतो.

बार्ज रुतली तर पहिल्यांदा काय करावे?

इंजिन लगेच मंद करावे. पूर्ण जोराने मागे घेऊ नये. मागे फिरणारे पंखे तळाचा चिखल उचलून थंड पाण्याच्या नळीत ओढतात, आणि थोड्याच वेळात इंजिन तापून बंद पडते. मग रुतलेली बार्ज आणि बंद इंजिन अशी दोन संकटे.

त्यानंतर भोवताली बांबूने खोली मोजा, पुढे-मागे-दोन्ही बाजूंना. सगळ्या रिकाम्या कप्प्यांत पाणी आले आहे का ते तपासा. पाणी चढते असेल तर खोल बाजूला होडीने नांगर टाकून दोर ताणून ठेवा आणि थांबा. बहुतेक बार्ज आपोआप सुटतात. पाणी उतरते असेल तर पुढची भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी, तोवर बार्ज कलणार नाही याकडे लक्ष. बंदर कप्तान खात्याला आणि जवळच्या बार्जना व्हीएचएफ १६ वर (जहाजांच्या रेडिओची आपत्कालीन वाहिनी) कळवा, रुतल्याच्या खुणा आणि दिवे लावा.

सर्वांत वाईट रुतणे म्हणजे उधाणाच्या सर्वांत उंच भरतीला रुतणे. पुढे पंधरवडाभर तेवढे पाणी पुन्हा येत नाही, आणि मग दुसरी बार्ज बाजूला लावून माल हलवावा लागतो. म्हणून उधाणाच्या शिखराला जास्त माल भरून "आज पाणी आहे" म्हणत निघू नये.

पावसाळ्यात काय होते?

आग्वादजवळच्या वाळूच्या पट्ट्यावर जून ते सप्टेंबर लाटा फुटतात आणि मांडवीचे मुख बार्जसाठी बंद धरावे लागते. २०१७ च्या जुलैत मांडवीत शिरणारे एक कॅसिनो जहाज मिरामारजवळ रुतून बसले, ते अनेकांनी पाहिले आहे. या काळात मांडवीतल्या बार्जला मुरगाव गाठायचे तर कुंभारजुव्याच्या कालव्याने जुवारीत उतरणे हाच मार्ग.

कालव्याच्या अडचणी वेगळ्या. दोन्ही टोकांनी भरती आत येते, आणि जिथे दोन पाणी भेटतात तिथे प्रवाह मंदावून गाळ बसतो. वळणे तीव्र, पात्र अरुंद, बाणस्तारीसारखे पूल मध्ये. समोरासमोर दोन भरलेल्या बार्ज वळणावर आल्या तर जागा राहत नाही. म्हणून वळणाआधी भोंगा आणि व्हीएचएफवर पुकारा, आणि भरलेल्या बार्जला आधी वाट. काठावरच्या मगरी मात्र कालव्याच्या मूळ रहिवासी आहेत. दोर बांधायला खलाशाला चिखलात उतरवू नका.

पावसाळ्यात नदीचा प्रवाहही वाढतो, ओंडके वाहून येतात आणि बोये जागचे सरकतात. सप्टेंबरअखेरीस पहिली खेप नेण्याआधी वाट पुन्हा मोजणे आवश्यक. मे महिन्यातल्या नकाशावर विसंबू नये.

रात्री वाहतूक करता येते का?

करावीच लागते. भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, त्यामुळे आठवड्याभरात तुमची खिडकी दिवसातून रात्रीत जाते. दिव्याचे बोये नसलेल्या भागात जायचेच नसेल तर महिन्यातल्या जवळजवळ अर्ध्या खेपा सोडून द्या आणि हिशेब तसा मांडा. समुद्राकडून वर येताना लाल बोया डावीकडे, हिरवा उजवीकडे ठेवायचा. पणजी-बेती दरम्यान कॅसिनो, सहलीच्या बोटी आणि फेरी यांमुळे किनाऱ्याच्या दिव्यांत बोयाचा दिवा हरवतो. तिथे वेग कमीच ठेवावा.

दिवसाला किती खेपा होतात?

४५ किलोमीटर ताशी १० किलोमीटरने साडेचार तास. जाऊन-येऊन नऊ. तासाला २५० टनांनी भरायला ६ तास, उपसायला ६ तास. झाले २१. दोन भरत्यांचे चक्र सुमारे २४ तास ५० मिनिटांचे, म्हणजे सगळे बिनचूक झाले तर दिवसाला जेमतेम एक फेरी. इंजिन मोठे करून प्रवासाचा एक तास वाचेल. भरण्याचा वेग दुप्पट केला तर तीन तास वाचतात आणि चुकलेली भरती पकडता येते. पैसे कुठे घालावेत हे इथे उघड दिसते.

नवा धक्का उभारायचा तर क्रम काय?

आधी तळ मोजा, जागा मग घ्या. आम्ही पाहतो ते नेमके उलटे: जमीन स्वस्त मिळाली म्हणून घेतली, आणि ओहोटीला समोर ८० मीटर चिखल.

१. धक्क्याची जागा आणि तिथून मुख्य वाटेपर्यंतचा पट्टा पावसाळ्याआधी आणि नंतर असा दोनदा मोजून घ्या. दोन मोजण्यांत फरक मोठा असेल तर दरवर्षी गाळ काढण्याचा खर्च धरा.

२. ओहोटीला बार्ज तळावर बसणार असेल तर तळ सपाट आणि मऊ हवा. चिऱ्याचा एक मोठा दगड खाली असला तरी भरलेल्या बार्जचा पत्रा आत दबतो.

३. रस्ता. १५०० टन म्हणजे दिवसाला १५० ट्रक. गावातून जाणारा रस्ता तेवढा पेलणार नाही, आणि लोकांचा विरोध रास्त असेल. ही अडचण सुटत नसेल तर इथेच थांबा.

४. परवानग्या: किनारी नियमन क्षेत्रासाठी गोवा किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची जल व वायू कायद्यांखालची संमती, बंदर कप्तान खाते, पंचायत. राष्ट्रीय जलमार्गावर असेल तर २०२५ च्या नियमावलीनुसार जलमार्ग प्राधिकरणाचे ना हरकत प्रमाणपत्र. खासगी संस्थेलाही ते मिळू शकते.

५. सांडपाणी आणि धूळ. साठ्याभोवती गटार, गाळ बसायला टाकी, पावसाळ्यात झाकण. खनिजाची लाल माती नदीत गेली की तुमच्याच धक्क्यासमोर साचते.

भरताना सर्वांत मोठी चूक कोणती?

एका टोकापासून भरत जाणे. ट्रक जिथे येतो तिथेच माल ओतला जातो, पुढचा भाग खाली आणि मागचा वर, आणि मधल्या सांध्यांवर ताण येतो. मधोमध थोडा, मग दोन्ही टोकांना थोडा, अशा दोन-तीन फेऱ्यांत भरावे. दर फेरीनंतर चारही कोपऱ्यांचा ड्राफ्ट वाचावा. बारीक खनिज ओले असेल तर हादऱ्यांनी ते पातळ होऊन एका बाजूला सरकते. मूठभर माल डब्यात घालून आपटून पाहिल्यावर वर पाणी चमकले तर भरणे थांबवावे आणि प्रयोगशाळेची ओलाव्याची तपासणी मागावी.

गाळ काढला की सगळे सुटेल ना?

दोन किलोमीटरचा उथळ पट्टा, ५० मीटर रुंद, अर्धा मीटर खोल करायचा तर ५०,००० घनमीटर गाळ निघतो. १० घनमीटरच्या टिपरने ५,००० खेपा. टाकणार कुठे, हा पहिला प्रश्न. खाजनात टाकला तर शेती जाते, खारफुटीत टाकला तर कायदा मोडतो, नदीतच बाजूला सारला तर पुढच्या पावसात परत येतो. शिवाय खाणपट्ट्याखालच्या गाळात खनिजाची माती मिसळलेली असते, ती तपासल्याशिवाय भरावाला वापरू नये.

आधी भरती वापरा, मग माल थोडा कमी करा, मग बोये सुधारा. एवढे करूनही अडत असेल तर फक्त त्या जागी गाळ काढा. संपूर्ण नदी खोल करण्याची गरज आम्हाला दिसत नाही.

बार्जमुळे खाजनांचे बांध फुटतात का?

वेगाने गेल्या तर हानी होते, आणि ती खरी आहे. बार्जच्या लाटेची उंची दुप्पट झाली की बांधावर आदळणारी ऊर्जा चौपट होते. चिखल, गवत आणि चिऱ्यांचे हे बांध संथ भरतीसाठी बांधलेले. लाट पायथा पोखरते, त्यात खेकड्यांची बिळे, आणि एखाद्या उधाणाला भगदाड पडते. खारे पाणी आत शिरले की कोरगुटासारखे खारट जमिनीत तग धरणारे भातही जाते आणि जमिनीतले मीठ धुवून निघायला एकाहून अधिक पावसाळे लागतात. नुकसान शेतकऱ्याचे, नफा वाहतूकदाराचा, असे चालू शकत नाही.

उपाय ठाऊक आहेत. बांधालगतच्या पट्ट्यांत ताशी ७ किलोमीटरची मर्यादा, बार्ज बांधाला किंवा मानशीच्या (बांधातली पाणी आत-बाहेर सोडण्याची जागा) दारांना लावून न बांधणे, बांधासमोरची खारफुटी न तोडणे, आणि जीपीएसची वेगनोंद कूळ संघटनेला मागताच दाखवणे. शेवटची गोष्ट करारात लिहून घ्यावी. मोसम सुरू होण्याआधी बांधाचे फोटो तारखेसह काढून ठेवले तर नंतर वाद कमी होतात.

मासेमारी आणि तिसऱ्यांचे (खाण्याच्या शिंपल्यांचे) काय?

चिखली खाडीसारख्या जागी शिंपल्यांच्या जाती तळावर जगतात. ढवळलेला गाळ त्यांच्यावर बसला की त्या गुदमरतात. अशा पट्ट्यात गाळ काढू नये, बार्ज नांगरू नये. चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्याजवळ वेग कमीच हवा. जाळ्यांच्या जागा आणि वेळा मच्छीमारांसोबत बसून ठरवता येतात, कारण दोघांनाही भरतीच पाहावी लागते.

या मार्गाने कोळसा आत येईल का?

जलमार्ग जाहीर झाल्याने कोणत्याही मालाला परवानगी मिळत नाही आणि बंदीही होत नाही. कोळशाचा निर्णय बंदराची क्षमता, पर्यावरण मंजुरी आणि प्रदूषण मंडळाची संमती यांत होतो. लक्ष तिथल्या जनसुनावण्यांवर ठेवावे.

बार्ज आणि कर्मचाऱ्यांसाठी कोणती कागदपत्रे?

अंतर्देशीय जहाज कायदा २०२१ ने १९१७ चा जुना कायदा बदलला. नोंदणी, सर्वेक्षण प्रमाणपत्र, विमा, आणि मास्टर, सारंग, इंजिन ड्रायव्हर यांची पात्रता प्रमाणपत्रे लागतात. पाण्याचे तीन विभाग लाटेच्या उंचीवर ठरतात: २ मीटर, १.२ मीटर आणि ०.६ मीटरपर्यंत. बार्ज ज्या विभागासाठी प्रमाणित आहे त्याच्या बाहेर नेली आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडतो. बंद पडून राहिलेली जुनी बार्ज विकत घेताना तळाच्या पत्र्याची जाडी अल्ट्रासोनिक यंत्राने मोजून घ्या, रंगावर जाऊ नका.

हीच बार्ज रेडी किंवा कारवारला नेता येईल?

नाही. त्यासाठी समुद्रात उतरावे लागते, आणि त्याला नदी-समुद्र जहाजांच्या २०१३ च्या नियमांखालचे वर्गीकरण हवे. काही बार्जना बदल करून ते मिळू शकते: झाकणे जलरोधक करणे, कठड्याची उंची, जीवरक्षक साधने, दळणवळण. सिंधुदुर्ग आणि कारवारशी नियमित व्यापार करायचा तर असे जहाज सुरुवातीपासूनच बांधून घेणे बरे.

केंद्राचे अनुदान मिळते का?

डिसेंबर २०२४ मध्ये आलेली जलवाहक योजना चालनखर्चाच्या ३५ टक्क्यांपर्यंत परतावा देते, पण ती राष्ट्रीय जलमार्ग १, २ आणि १६ पुरती आहे. गोव्यातल्या खेपेला ती लागू नाही. प्रकल्प अहवालात कोणी ती धरली असेल तर तो आकडा काढून टाका.

पहिली खेप कधी आणि कशी करावी?

नोव्हेंबर-डिसेंबरात. पाऊस संपलेला, तळ नव्याने मोजलेला. पहिल्या खेपेला बार्ज अर्धी भरा, भांगाच्या भरतीला दिवसाउजेडी काढा आणि दर उथळ जागी प्रत्यक्ष खोली, वेळ व वेग लिहून ठेवा. दुसरी खेप तीन चतुर्थांश भरून. दोन्ही वेळा धक्क्यावर माल किती वेळ थांबला, किती सांडला, ट्रक किती तास रांगेत उभे राहिले याची वही वेगळी ठेवा. टनामागचा खरा खर्च त्या दुसऱ्या वहीतून निघेल.